महदाइसांची जिज्ञासा

धनज हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. तेथून उत्तरेस श्रीप्रभूंचे रिद्धपूर आणि नैर्ऋत्येस सर्वज्ञांच्या श्रीचरणांनी पावन झालेली मेहकर व लोणार ही स्थाने. अशा गावच्या वासनिकाच्या मनात, विशेषतः केस पिकू लागल्यावर, एक प्रश्न घर करून बसतो. उपदेश घेऊन आयुष्य सरत आले, नित्याचे स्मरण चुकले नाही, उपहार-विडावसर यथाशक्ती घडले, स्थानवंदनही झाले. तरी मन म्हणावे तसे निवांत होत नाही. अजून काही पुसावेसे वाटतेच. मग श्रद्धेत उणे राहिले, की उपदेश फळलाच नाही?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याच्या मुळाशी एक समजूत आहे, ती अशी की, ज्यास शांती लाभली त्याचे पुसणे संपते. आणि ज्याचे पुसणे संपले नाही त्यास काही लाभलेच नाही. ही समजूत पंथाच्या मूळ ग्रंथांस धरून आहे काय, हे पाहावयाचे तर महदाइसांच्या चरित्राकडे वळावे.

महदाइसा या भटोबासांच्या नात्यातील भगिनी. त्यांचे मूळ नाव रूपाइसा असल्याचे परंपरा सांगते. बालपणीच वैधव्य आले. तेराव्या शतकातील ब्राह्मण घरात अशा स्त्रीपुढे व्रते, उपवास आणि घरच्यांचे आश्रितपण याखेरीज दुसरे फारसे काही नसे. महदाइसा एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी प्रथम दादोसांस गुरू केले. दादोस म्हणजे रामदेव. पुढील काळात दादोसांविषयी पुष्कळ कठोर लिहिले गेले, ते सर्वस्वी न्याय्य म्हणता येणार नाही. कारण महदाइसांसारख्या कितीएक जीवांस श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानाची वाट सापडली, ती त्यांच्याच योगे. परंतु ज्या गुरूवर भाव ठेवला तो स्वतःच दुसऱ्या कोणापुढे नम्र होतो, हे दिसल्यावर शिष्याच्या मनाची ओढाताण होते. लीळाचरित्रातील महदाइसा एका दिवसात दादोसांपासून सुटलेल्या नाहीत. जुन्या ममतेचा धागा बराच काळ राहिला, आणि तो ग्रंथाने झाकून ठेवलेला नाही.

सन्निधानी आल्यावर त्यांचे पुसणे थांबले असते तर पंथाची केवढी हानी झाली असती, याची कल्पना लीळाचरित्र वाचणारासच येईल. कितीतरी लीळांचा आरंभ महदाइसांच्या पुसण्याने होतो. एखादे स्थान, एखादा आचार, पूर्वीच्या अवताराचे एखादे चरित्र, कोणा एका देवतेचा अधिकार, आपल्याच मनात उठलेला एखादा विकल्प, जे समोर येईल ते त्या पुसतात. उत्तर मिळाले की त्या उत्तरातूनच दुसरा प्रश्न काढतात. त्यांच्या या स्वभावावर सर्वज्ञांनी कौतुकाने बोट ठेवले असून, ही म्हातारी जिज्ञासक आहे, सदैव काही ना काही पुसतच असते, अशा आशयाचे वचन प्रसिद्धच आहे. त्या वचनात थोडा विनोद आहे आणि पुष्कळ प्रसन्नता. पुसण्यास अश्रद्धा मानिले असते तर ते असे निघाले नसते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पुसणे सर्वच सारखे नसते. सराळ्याचे म्हाइंभट हेही पुसावयासच आले होते. परंतु ते आले विद्वत्तेच्या बळावर, वाद करावयाच्या हेतूने. मुमुक्षू कसा असतो, याचे वर्णन त्यांनी शास्त्राधारे उत्तम केले. त्यावर सर्वज्ञांनी एवढेच विचारले की, हे लक्षण तुम्हांपाशी आहे काय? म्हाइंभटांस नाही म्हणावे लागले. त्या एका नकाराने त्यांच्या पांडित्याचा अभिमान ढासळला. लक्षण मुखोद्गत होते. आर्त मात्र नव्हते.

महदाइसांचे नेमके उलट होते. त्यांस शास्त्राचे पाठबळ नव्हते, पण आर्त होते. म्हणून त्यांच्या प्रश्नात जिंकणे-हरणे नाही. कधी प्रश्न भाबडा असतो, कधी अवघड. कधी तर आपले अज्ञान उघडे पडेल याचीही त्या भीड धरीत नाहीत. साधकाने आपल्या अस्वस्थतेची परीक्षा करावी ती येथे. आपण पुसतो ते समजावे म्हणून की आपले म्हणणे खरे ठरावे म्हणून, हे ज्याचे त्यासच कळते. दुसऱ्या प्रकारचे पुसणे संपले तरच बरे. म्हाइंभटांचे ते संपले, आणि पुढे शके १२०० (इ.स. १२७८) च्या सुमारास त्यांच्याच हातून लीळाचरित्र सिद्ध झाले. वाद करावयास आलेला पंडित लीळा ठाऊक असलेल्या एकेकाकडे जाऊन नम्रपणे पुसू लागला, हेही जिज्ञासेचेच एक स्थित्यंतर होय.

महदाइसांच्या शोधाची खरी कसोटी मात्र सन्निधानात लागली नाही. ती असन्निधानात लागली. सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांस रोज पुसावे, ते आता दृष्टीस पडणार नव्हते. भटोबासांसह भक्तजन आज्ञेप्रमाणे रिद्धपुरी श्रीप्रभूंच्या सेवेस आले.

परंतु श्रीगोविंदप्रभूंचे वर्तन निराळे. सर्वज्ञ निरूपण करीत, पुसल्याचे उत्तर देत, दृष्टांत सांगत. श्रीप्रभू आपल्याच छंदात क्रीडत. कधी कोणाच्या घरात शिरत, कधी लहान लेकरांसारखे खेळत, कधी रुष्ट होत, कधी हसत. लोक त्यांस वेडे म्हणत. त्यांच्यापाशी बसून क्रमाने शंका फेडून घेणे शक्य नव्हते. जिने जन्मभर पुसले, तिला अशा सन्निधानात ठेविले गेले की जेथे पुसण्यास जागाच नाही. हा प्रसंग टीकाकारांनी फारसा विचारात घेतलेला दिसत नाही. वास्तविक महदाइसांच्या चरित्रातील सर्वात मोठे वळण हेच आहे.

आणि तेथे काय घडले? एकदा श्रीप्रभूंस विवाहाची क्रीडा करण्याची प्रवृत्ती झाली. लग्न म्हटले की वराचे धवळे हवेतच. ते गाण्यास महदाइसांस सांगण्यात आले. त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आज वाङ्मयेतिहासात महदंबेचे नाव घेतले जाते, ते या धवळ्यांमुळे. शाळा-महाविद्यालयांत तेवढेच सांगितले जाते. पंथीयाने मात्र त्यामागची स्थिती पाहावी. तिला उत्तर मिळाले नाही. तिला सेवा मिळाली. आजवर ती मागत होती, आता तिच्याकडे मागणे आले. आणि सन्निधानात जे ऐकून साठविले होते, श्रीकृष्णचक्रवर्तींचे जे चरित्र पुसून पुसून मनात मुरविले होते, तेच गीतरूपाने बाहेर आले. पूर्वीचे एकही पुसणे वाया गेले नव्हते.

म्हणून धनजच्या वासनिकाचा प्रश्न थोडा फिरवून घ्यावा लागेल. मन अजून पुसते, हा दोष नव्हे. त्या पुसण्यातून हाताला काही सेवा, मुखाला काही स्मरण लागते की नाही, हे पाहावे. पेरणीचे दिवस आले की शेतकऱ्यास अटन-विजन घडत नाही, आणि अनुसरलेल्या भिक्षुकाचा आचार त्याने आपल्या अंगावर ओढून घेऊन खंतावत राहण्याचेही कारण नाही. तथापि तिफणीमागे चालतानाही स्मरण घडू शकते. एखादी लीळा ठाऊक असेल तर ती लेकरांस सांगता येते. ठाऊक नसेल तर गावी आलेल्या भिक्षुकास, तपस्विनीस पुसता येते. पुसावयास संकोच वाटत असेल तर तो मात्र टाकावा.

हा संकोच भाषेमुळे उपजू नये, याची काळजी पूर्वाचार्यांनीच घेतली आहे. शास्त्रज्ञ शिष्यांनी संस्कृतात पुसले असता, सर्वज्ञांनी आपणास मराठीतच निरूपण केले, असे सांगून भटोबासांनी तो मार्ग अडविला. संस्कृत रचनेने साध्याभोळ्या वृद्ध बाया वंचित होतील, हे त्यांच्या दृष्टीने मोठे कारण होते. स्मृतिस्थळातील हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा म्हणून वारंवार सांगितला जातो, आणि आता तर त्याच रिद्धपुरी मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. पण भटोबासांच्या नजरेसमोर भाषेचा अभिमान होता असे वाटत नाही. त्यांच्यासमोर माणसे होती. शास्त्राचा गंध नसता पुसणारी एक स्त्री त्यांच्या घरातलीच होती, आणि तिच्या पुसण्याने किती ज्ञान प्रकट झाले हे त्यांनी स्वतः पाहिले होते.

श्रीप्रभूही पुढे दृष्टीआड झाले. तेव्हा महदाइसांस पुनः एकदा असन्निधान आले, आणि या खेपेस वयही उतरले होते. भटोबासांच्या आश्रयाने मार्ग चालला होता. ज्या लीळांचे साक्षीदार एकेक करून कमी होत होते, त्या लीळांच्या महदाइसा साक्षी होत्या. आता इतर त्यांस पुसू लागले. या उत्तरवयात त्यांनी धवळ्यांचा उत्तरार्ध रचून ते काव्य पुरे केले. मातृकी रुक्मिणीस्वयंवर या, वर्णमालेच्या क्रमाने ओव्या गुंफलेल्या रचनेचे कर्तृत्वही त्यांचेच. अक्षरांच्या क्रमाने रचलेली ओवी पाठास सोपी जाते. पोथी ज्यांच्या हाती नाही अशांस तिचा फार उपयोग.

महदाइसा भटोबासांच्या आधी गेल्या. त्यांच्या जाण्याने भटोबासांस झालेले दुःख स्मृतिस्थळाने नोंदविले आहे.