डब्यावरील बारीक मजकूर

हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून घेऊन मानवतला परतलेल्या माणसास औषधांपेक्षा सल्लेच अधिक मिळतात, हे आमच्या दाजींच्या आजारपणात मला जवळून पाहावयास मिळाले. आणि त्यांपैकी एका सल्ल्याने त्यांना पुन्हा अतिदक्षता विभागात नेले, सबब ही हकीकत लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

दाजींची हयात कापसाच्या अडतीवर हिशेब लिहिण्यात गेली. एका आप्ताने शहरातून ऑलिव्ह तेलाचा डबा आणून दिला आणि ‘या तेलानं नळ्या आपोआप साफ होतात’ असे छातीठोकपणे सांगितले. घरात करडीचे तेल बंद झाले, भज्यांपासून फोडणीपर्यंत सारे त्या डब्यावर चालू लागले, आणि पुढे, आता गोळ्यांचे काय काम, अशा समजुतीने दाजींनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर सोडल्या. स्प्रिंग नवी असताना या गोळ्या थांबल्या तर तिच्या आत रक्ताची गुठळी धरण्याचा मोठा धोका असतो. तेच घडले, आणि तीच नळी दुसऱ्यांदा उघडावी लागली.

दाजी सावरल्यावर मी तो डबा उजेडात नेऊन पाहिला. पुढे फळांनी लगडलेली हिरवी डहाळी आणि ठळक अक्षरे. मागे, बोटभर जागेत, ‘पोमेस’ हा शब्द. ऑलिव्हची फळे पिळून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या साह्याने काढलेले आणि मग शुद्ध केलेले असे हे तेल असते. हायड्रॉक्सिटायरोसोल, ओलिओकँथल आदी ज्या कडवट द्रव्यांमुळे ऑलिव्ह तेलाची एवढी ख्याती झाली, ती या शुद्धीकरणात बहुतांशी निघून जातात. ओलिओकँथल घशाला झोंबते आणि दाह शमविण्याचा त्याचा गुण आयबुप्रोफेनशी मिळताजुळता आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. दाजींच्या डब्यातले तेल मी जिभेवर घेतले. त्यास कडवटपणा नव्हता, झोंबही नव्हती. युरोपात २०१२पासून असा दंडक आहे, की २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसोल व तत्सम द्रव्ये किमान ५ मिलिग्रॅम असतील, तरच ती रक्तातील स्निग्धांशाचे रक्षण करतात असा दावा डब्यावर छापता येतो.

तेलाचा गुण खोटा आहे, असे मात्र कोणी समजू नये. स्पेनमधील कोर्दोबा येथे हृदयविकार जडलेल्या १००२ रुग्णांना सात वर्षे दोन प्रकारच्या आहारांवर ठेवण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी स्निग्धांशाच्या आहारावरील १११ जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा तत्सम आपत्ती आली, तर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल, भाज्या, कडधान्ये, मासे, सुका मेवा अशा आहारावरील ८७ जणांना. हा लाभ संपूर्ण आहाराचा होता, एकट्या तेलाचा नव्हे. आणि हे रुग्ण आपली नेहमीची औषधे घेत होते, ही गोष्ट सल्ला देणारे नेमकी गाळतात.

आमच्या काळ्या जमिनीत रब्बीला करडी पिकते, परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, तेव्हा करडीवरचा इथला लोभ स्वाभाविक आहे. तथापि सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयरोग झालेल्या ४५८ पुरुषांवरील प्रयोगात, करडीचे तेल भरपूर दिलेल्या गटाचे कोलेस्टेरॉल उतरूनही हृदयविकाराने मृत्यू अधिक झाले, असे २०१३ साली जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर उघड झाले. एवढ्यावरून करडी टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. कोणतेही एकच तेल सढळ हाताने वापरू नये, एवढेच माझे मत आहे.

ज्यांना ऐपत आहे त्यांनी खुशाल ऑलिव्ह तेल आणावे, पण ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हा शब्द आणि उत्पादनाची तारीख यांची खातरजमा करून, आणि ते तळणीत न घालता कोशिंबिरीवर वा वरणावर घ्यावे. ज्यांना ऐपत नाही त्यांनी त्यापायी कर्ज काढू नये. आणि रक्त पातळ करणारी गोळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून, कोणाही आप्तेष्टाच्या भरवशावर, एक दिवसही बंद करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.