गाडी लावा, वाई पायी पाहा

भरे, घोटवडे, पिरंगुट या आपल्या पट्ट्यातून सुट्टीच्या दिवशी निघालेली गाडी सहसा ताम्हिणीकडेच वळते. एखाद्या रविवारी उलटी दिशा धरा. चांदणी चौकातून सातारा रस्ता, खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्यावर उजवीकडे. शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर. पहाटे निघालात तर कोवळ्या उन्हात वाई गाठता येते. एसटीने जायचे तर स्वारगेटहून गाड्या आहेत.

नदी, काठावर जुनी पेठ आणि वर किल्ला हे पाहायला लोक आल्प्सच्या पायथ्याच्या साल्झबर्गला जातात आणि तिथली जुनी पेठ पायी हिंडतात. वाईलाही कृष्णा आहे, घाट आहेत, डोक्यावर पांडवगड आहे. पण महाबळेश्वरला जाता जाता अर्ध्या तासात ढोल्या गणपती उरकणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. वाईला अख्खा दिवस द्यावा.

सुरुवात मेणवलीपासून करा. वाईहून तीनेक किलोमीटर. सकाळी घाटावर गर्दी नसते. नाना फडणवीसांचा वाडा इथलाच; पेशवाईच्या अभ्यासकांना मोलाचे वाटणारे मेणवली दप्तरही इथलेच. वाड्याच्या भिंतींवर जुनी चित्रे आहेत. रंग नाजूक झाले आहेत, हात लावू नका. वाडा खासगी आहे, तेव्हा विचारूनच आत जा. मागे घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळची घंटा मात्र सावकाश पाहा. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही पोर्तुगीज घंटा. तशाच घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकरालाही आहेत. ‘स्वदेस’ चित्रपट पाहिलेल्यांना घाट लगेच ओळखू येईल.

मग वाईत या आणि गाडी पेठेबाहेरच सोडा, आतल्या आळ्या अरुंद आहेत. गणपती आळीत सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. दर्शन झाले की मागे वळसा घाला. मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंनी वाहून जावा म्हणून. बांधणाऱ्यांना नदी किती नेमकी ठाऊक होती, ते इथे कळते. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा काळा नंदी जवळून पाहा, गळ्यातली घंटांची माळ दगडात कोरलेली आहे.

तिथून काठाकाठाने चालत राहा. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशी घाटांची नावेच गावाचा नकाशा सांगतात. हिवाळ्याच्या अखेरीस कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटावर पाळीपाळीने होतो. तेव्हा गेलात तर गाव खऱ्या रंगात दिसेल. ज्या संस्कृत विद्येसाठी वाईचे नाव झाले, ती शिकवणारी प्राज्ञपाठशाळाही याच गावातली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथलेच. त्यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. मुंबई-पुणे सोडून एवढे मोठे काम या नदीकाठच्या गावात उभे राहिले, याचा मला फार अभिमान वाटतो.

दुपारनंतर दोन वाटा आहेत. पायांत जोर असेल तर धावडीकडून पांडवगड. पण त्यासाठी घाट लवकर आटोपावे लागतील. वर टाकी आहेत, तरी पिण्याचे पाणी खालूनच न्या आणि उजेडात उतरा. मुले किंवा वडीलधारी मंडळी सोबत असतील तर धोम गाव बरे. तिथे नृसिंहाचे देऊळ आहे आणि कमळाच्या आकाराच्या हौदात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि नदी चढते, तेव्हा पाण्यात उतरू नका. घाटांवर आजही पूजा-विधी चालतात. कॅमेरा काढण्याआधी विचारा. परतताना बाजारातून हळद घ्या. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे येणारी वाहने तुंबतात, म्हणून पांडवगड चढणार नसाल तर चारलाच वाई सोडा.