कांद्याचे रोप कधी टाकावे?



डिसेंबर संपत आला की पळसदेवच्या शिवारात, उसाच्या फडांमधून जे रान मोकळे राहिलेले असते तेथे कांद्याची लागण सुरू होते. एप्रिलमध्ये पुन्हा त्याच शिवारात गेलात तर एक गोष्ट ध्यानात येईल. एकाच वाणाचे बी, सारखीच जमीन, उजनीचेच पाणी. तरी एका वाफ्यात मूठभर आकाराचा कांदा, शेजारच्या वाफ्यात नुसती गोल्टी आणि तिसऱ्यात पातीमधून उंच डेंगळे निघून त्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे गोंडे. डेंगळ्याच्या कांद्याला बाजारात कोणी विचारत नाही आणि तो चाळीत टिकतही नाही. खतापाण्यात थोडाफार फरक असतोच. पण पुष्कळदा खरा फरक असतो तो रोप टाकल्याच्या तारखेत. तीन-चार आठवडे इकडे किंवा तिकडे. घरच्या चार-पाच महिन्यांच्या कष्टांचा निकाल बी वाफ्यात पडते त्याच दिवशी बराचसा ठरून गेलेला असतो.

मग ही तारीख ठरवायची कशी? शेजाऱ्याने टाकले म्हणून आपण टाकले, हा एक मार्ग आहे. शेजारी शहाणा असेल तर तो वाईटही नाही. पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत. शेजाऱ्याची तारीख बरोबर का ठरते, हे आपल्याला कळले पाहिजे.

प्रथम थंड मुलखातले लोक काय करतात ते पाहू, कारण तेथे हा प्रश्न अगदी उघडा असतो. कॅनडात टोरांटो शहरी बरीच मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांतील अनेकजण परसात टोमॅटो, मिरची, मेथी लावतात. तेथे मे महिन्याच्या पूर्वार्धापर्यंत एखाद्या रात्री दव गोठण्याइतकी थंडी पडू शकते. पानातील पेशींचे पाणी गोठले की टोमॅटोचे रोप एका रात्रीत काळे पडते. म्हणून तेथील बागवानांचा जुना रिवाज असा, की २५ मेच्या आधी येणाऱ्या सोमवारी, म्हणजे व्हिक्टोरिया दिनाच्या सुमारास, रोपे बाहेर लावावी. टोमॅटोचे रोप लावण्याजोगे होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तेव्हा मे अखेरीपासून तेवढे दिवस मागे मोजले, की मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या आरंभी घरात, खिडकीपाशी, बी पेरायचे. पद्धत सोपी आहे: जी तारीख हलवता येत नाही ती आधी पकडायची आणि तेथून उलटे मोजत यायचे.

पळसदेवला दव गोठत नाही. म्हणून आपल्याला तारखेचे बंधन नाही, असे मात्र समजू नका. आपलीही न हलणारी तारीख आहे. ती दिसत नाही एवढेच. ती शोधण्यासाठी वनस्पतीजवळची दोन घड्याळे समजून घेऊ.

पहिले घड्याळ उष्णतेचे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरिंग्टन यांनी निरनिराळ्या तपमानांच्या मातीत बिया पेरून त्या किती दिवसांनी उगवतात हे मोजले. कांद्याचे त्यांचे आकडे पूर्णांकांत असे: १० अंश सेल्सियसला १३ दिवस, १५ अंशांना ७, २० अंशांना ५ आणि २५ अंशांना ४ दिवस. आता या आकड्यांशी थोडे खेळून पाहा. प्रत्येक तपमानातून ४ अंश वजा करा आणि उरलेल्या अंशांना दिवसांनी गुणा. ६ गुणिले १३ म्हणजे ७८. ११ गुणिले ७ म्हणजे ७७. १६ गुणिले ५ म्हणजे ८०. २१ गुणिले ४ म्हणजे ८४. गुणाकार जवळजवळ एकच! याचा अर्थ असा, की बी दिवस मोजत नाही. ४ अंशांच्या वर मिळालेली ऊब ते साठवत जाते आणि सुमारे ८० ‘अंश-दिवस’ जमले की उगवते. तपमानांची अशी बेरीज करून पिकांची वाढ मोजावी, ही कल्पना रोमर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३५ मध्येच मांडली होती.

पण कोणताही नियम वापरताना त्याची हद्द पाहावी. त्याच कोष्टकात ३० अंशांना पुन्हा ४ दिवस आहेत, आणि ३५ अंशांना तर एकदम १३ दिवस! म्हणजे २५ अंशांच्या पुढे ऊब वाढली तरी फायदा होत नाही आणि आणखी वाढली तर उगवण अडते. ३५ अंशांच्या तापलेल्या मातीत कांद्याचे बी टाकणारा आणि १० अंशांच्या गार मातीत टाकणारा, दोघेही सारखेच थांबतात. पण त्यांची कारणे विरुद्ध असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली माती या दोहोंच्या मधली, बियाला मानवणारी असते. तरी वाफ्यात बी सगळीकडे सारख्या खोलीवर पडत नाही आणि वरची माती सुकते, म्हणून उगवणीला आठवडा धरून चालावे.

दुसरे घड्याळ उजेडाचे आहे, आणि कांद्याच्या बाबतीत ते जास्त महत्त्वाचे. १९२० मध्ये गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू, सोयाबीन अशा पिकांवर प्रयोग करून दाखवून दिले, की पुष्कळ वनस्पती फुलोऱ्याची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. कांद्याचा गड्डा धरण्याची वेळही अशीच ठरते. दिवस एका ठराविक लांबीच्या पुढे गेला की कांदा नवी पात काढणे आवरते घेतो आणि असलेल्या पातीच्या बुडाशी अन्न साठवू लागतो. आपल्या वाणांना ११ ते १२ तासांचा दिवस पुरतो. उत्तर युरोपातल्या वाणांना १४ ते १६ तास लागतात.

पळसदेवचा दिवस किती मोठा? हे दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्याला स्वतः काढता येते. गावाचा अक्षांश सुमारे १८ अंश १० मिनिटे. त्याचा टॅन ०.३२८. २२ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २३.४ अंश असतो. त्याचा टॅन ०.४३३. दोहोंचा गुणाकार ०.१४२. ज्या कोनाचा कोसाइन ०.१४२ आहे तो कोन ८१.८ अंश. त्याची दुप्पट १६३.६, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते म्हणून १५ ने भागा. उत्तर येते सुमारे १० तास ५५ मिनिटे. वातावरणातील वक्रीभवनामुळे आणि सूर्यबिंबाच्या आकारामुळे यात सात-आठ मिनिटांची भर पडते. म्हणजे सर्वांत लहान दिवस ११ तास २ मिनिटांच्या आसपास. पंचांगाच्या भाषेत दिनमान २७ घटी ३५ पळे. याच रीतीने १ फेब्रुवारीला ११ तास २१ मिनिटे, १ मार्चला ११ तास ४७ मिनिटे, १ एप्रिलला १२ तास १९ मिनिटे आणि २१ जूनला १३ तास १३ मिनिटे असे आकडे येतात. (भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईच्या वेळा असतात. पळसदेवला सूर्य सुमारे ८ मिनिटे आधी उगवतो. पण तो मावळतोही तितकाच आधी, म्हणून दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नाही.)

आता पाहा काय होते. उत्तर युरोपातील वाण पळसदेवला लावले तर त्याला हवा असलेला १४ तासांचा दिवस येथे कधी उगवतच नाही. तो नुसती पात वाढवत बसेल. उलट, आपल्याकडचे बी टोरांटोला नेऊन जूनमध्ये लावले तर तेथे दिवस सव्वापंधरा तासांच्या वर. रोप चार पाने काढते न काढते तोच गड्डा धरू लागेल आणि सुपारीएवढा कांदा देऊन थांबेल. पाकिटावरचे चित्र पाहून परदेशातून बी मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

उशिरा लागणीची गोल्टी हीच गोष्ट सांगते. कांदा आडवा कापून पाहा: प्रत्येक कडे म्हणजे एका पातीचे फुगलेले बूड. जानेवारीच्या शेवटी रोप लावले तर फेब्रुवारीत ते रुजते आणि मार्चमध्ये लांबलेला दिवस व वाढलेले ऊन त्याला गड्डा धरायला भाग पाडतात. तोपर्यंत पाने झालेली असतात मोजकी. कोठ्याच थोड्या, तर धान्य साठवणार कोठे? अशा वेळी वरून कितीही खत घातले तरी गेलेले दिवस परत येत नाहीत.

असे असेल तर रोप लवकरच का टाकू नये? येथे आडवी येते थंडी. कांदा मुळात दोन वर्षांचा गडी: पहिल्या वर्षी गड्डा, दुसऱ्या वर्षी फूल. मधला हिवाळा सोसला, ही खूण पटली की तो फुलाच्या मार्गाला लागतो. रोप कोवळे, बारीक असेल तर थंडी त्याला कळत नाही. पण मान पेन्सिलीएवढी जाड झाल्यावर १० अंशांच्या आसपासच्या रात्री पुष्कळ दिवस मिळाल्या तर रोपाची फसगत होते. त्याला वाटते वर्ष उलटले, आणि डेंगळा बाहेर पडतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोप टाकून ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या रांगड्या कांद्यात डेंगळे जास्त दिसतात ते याचमुळे. जानेवारीच्या थंडीत ते पीक नेमके जाड मानेचे असते. वाणही पाहावा लागतो. एन-५३ हा खरिपाचा. एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा भीमा किरण हे रब्बीसाठी. नावे बदलून चालत नाही.

आता टोरांटोच्या बागवानासारखे उलटे मोजू. आपली न हलणारी तारीख वळवाच्या पावसाची. काढलेला कांदा शेतात पडलेला असताना भिजला तर चाळीत सडतो. म्हणून १८ एप्रिलच्या सुमारास कांदा काढायचा असे धरू. लागणीपासून काढणीला ११० ते १२० दिवस लागतात. ११५ धरले तर लागणीची तारीख २४ डिसेंबर. रब्बीचे रोप ५० ते ५५ दिवसांचे लावतात. ५२ धरले तर रोप टाकण्याची तारीख २ नोव्हेंबर. ताळा करून पाहा. मोठ्या थंडीत हे रोप नुकतेच लावलेले, बारीक मानेचे असते, म्हणून डेंगळे कमी. दिवस पावणेबारा तासांच्या पुढे जातो तोवर त्याला दोन महिने मिळालेले असतात, म्हणून पाने पुरेशी. पळसदेवचा अनुभवी शेतकरी दिवाळीच्या आगेमागे रोप टाकतो, त्यामागचा हिशेब हा असा आहे. मात्र दिवाळी चांद्र तिथीने मागे-पुढे होते आणि सूर्य होत नाही. तेव्हा तारीख इंग्रजी महिन्याने धरावी हे माझे मत.

हिशेब बिघडतो तो बहुधा एकाच ठिकाणी: रोप तयार आणि रान तयार नाही. ऊस तुटून जायचा असतो, तोड लांबते आणि दाट वाफ्यातच रोप आठ-नऊ आठवड्यांचे होते, बुडाशी गाठ धरू लागते. त्यावर उपाय म्हणजे रोप दोन हप्त्यांत, दहा दिवसांच्या अंतराने टाकणे. बियाचा खर्च थोडा वाढतो, पण हाताशी योग्य वयाचे रोप राहते.

लावणीच्या दिवशी तास-दोन तासांचाही हिशेब असतो. उपटताना बारीक मुळे तुटतात, त्यामुळे पाणी घेणे मंदावते. पानांतून बाष्पीभवन मात्र चालूच राहते. म्हणून आदल्या दिवशी रोपवाफ्याला पाणी द्यावे, रोपे सुटी होतात. लावणी ऊन कलल्यावर करावी आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलके आंबवणीचे पाणी द्यावे.

पळसदेवला आणखी एक घड्याळ आहे, ते पाण्याचे. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले. जुने गाव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते. पाणी ओसरेल तसतशी काठची गाळाची जमीन मोकळी होते आणि तीत गाळपेर करतात. येथे तारीख आपल्या हाती नसते, म्हणून पीक बदलावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या पडलेल्या गाळात कांदा लावण्यात अर्थ नाही. दिवसाच्या लांबीशी फारसे देणेघेणे नसलेली आणि उष्णता मानवणारी काकडी किंवा कलिंगड तेथे बरे.

शाळेच्या परसबागेत हा प्रयोग करून पाहा. एका रब्बी वाणाचे ताजे बी घ्या (कांद्याचे बी वर्षभरात निकामी होऊ लागते). १० ऑक्टोबर, २ नोव्हेंबर आणि २५ नोव्हेंबर अशा तीन तारखांना छोट्या गादीवाफ्यांत रोप टाका. प्रत्येक रोप ५२ दिवसांचे झाले की १५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत, दोन रोपांत १० सेंटिमीटर ठेवून, प्रत्येकी शंभर रोपे लावा. प्रयोगशाळेतला कमाल-किमान तपमापक छातीच्या उंचीवर न टांगता रोपांच्या उंचीवर, पण सावलीत ठेवा. निरभ्र रात्री जमीन उष्णता आकाशात फेकते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. रोज सकाळी दोन्ही आकडे लिहा. दर रविवारी प्रत्येक वाफ्यातील दहा ठरलेल्या रोपांची पाने मोजा. आधीची पाने वाळून गळतात, म्हणून नव्या पानावर दोऱ्याची खूण करत जा. शेवटी डेंगळे किती, गोल्टी किती आणि शंभर कांद्यांचे वजन किती, हे लिहा. मग त्या दहा रोपांचे कांदे आडवे कापून कडी मोजा आणि पानांच्या नोंदीशी ताडून पाहा. आकडा तंतोतंत जुळणार नाही, कारण अगदी आतल्या साठवणीच्या पापुद्र्यांना पात फुटतच नाही आणि बाहेरचे एक-दोन वाळून साल झालेले असतात.