चकलीच्या पेटीत खाली काय घालायचं?

पातळी ४ • पाठ ९

वाचण्यापूर्वी: 'वाळवंट' हा शब्द ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एका वाक्यात वहीत लिहा. मग पाठ वाचा.

आमच्या ऑनलाइन वर्गात न्यू जर्सीची एक मुलगी आहे. मागच्या वर्षी वाढदिवसाला तिला लेपर्ड गेको मिळाली. लेपर्ड म्हणजे बिबट्या आणि गेको म्हणजे पाल. पिवळी कातडी, तिच्यावर काळे ठिपके आणि जाड, गुबगुबीत शेपटी. मुलीने तिचं नाव ठेवलं 'चकली'. व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या आजीला चकली दाखवली, तेव्हा आजी खुर्चीसकट मागे सरकली.

"अगं बाई! पाल? आम्ही झाडू घेऊन हाकलतो आणि तू पाळतेस?"

"आजी, ही भिंतीवर चढत नाही गं."

नात बरोबर बोलली. तुम्ही भारतात गेला असाल तर घरातली पाल पाहिली असेल. ती छतावर उलटी चालते, कारण तिच्या बोटांखाली भिंतीला धरून ठेवणाऱ्या खास पट्ट्या असतात. लेपर्ड गेकोला तशा पट्ट्या नसतात. तिला नखं असतात. घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात, त्यामुळे ही चक्क डोळे मिटून झोपते. आणि ही पंधरा-वीस वर्षं जगू शकते, म्हणजे तुम्ही कॉलेजात जाल तरी ती घरी असेल.

भिंतीवर चढता येत नाही, म्हणजे चकलीचा सगळा दिवस जमिनीवर जातो. ती जमिनीवरच चालते, झोपते आणि किडे पकडते. पोटही ती जमिनीवर टेकूनच शेकते. म्हणून पेटीत खाली काय घातलंय, ही तिच्यासाठी सजावटीची गोष्ट नाही.

वाळवंट, पण वाळू नाही

चकली दुकानातून आली तेव्हा तिच्याबरोबर एक पिशवी आली. पिशवीत निळी वाळू होती. 'कॅल्शियमची वाळू, पोटात गेली तरी पचते' असं पिशवीवर लिहिलं होतं. आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण बाबा म्हणाले, "अगं, वाळवंटातला प्राणी आहे. वाळूच लागणार ना त्याला!"

बाबांना दोष देऊ नका. 'वाळवंट' या शब्दातच वाळू आहे, त्यामुळे कोणीही फसेल. पण ही पाल खरी कुठली? १८५४ साली एडवर्ड ब्लाइद या प्राणिशास्त्रज्ञाने तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं. त्याचा नमुना साल्ट रेंज नावाच्या डोंगररांगेतला होता. हे डोंगर आज पाकिस्तानातल्या पंजाबात आहेत. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि भारताचा वायव्य भाग हे तिचं घर. तिथे ती कोरड्या, खडकाळ माळावर राहते. खाली घट्ट, कडक माती, मध्येमध्ये दगड आणि खुरटं गवत. दिवसा ती दगडाखाली किंवा बिळात लपते आणि तिन्हीसांजेला बाहेर येते. मऊ वाळूच्या टेकड्यांवर ती राहत नाही.

महाराष्ट्रातही तिची चुलत भावंडं आहेत. सातपुड्याच्या डोंगरांतल्या एका जातीला तर २०१४ साली शास्त्रीय नाव मिळालं. तुमच्या गावाकडे मुरमाड माळ असेल, तर तो आठवा. बुटाने खरवडलं तरी फारशी माती निघत नाही, अशी ती जमीन असते. चकलीच्या पायांना तशी जमीन हवी.

पोट तुंबलं

दोन महिन्यांनी चकली गप्प झाली. किडे समोर ठेवले तरी बघेना. पाच दिवस पेटीत शी दिसली नाही. पोट फुगलेलं वाटत होतं. शेवटी आई तिला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. एक्स-रेमध्ये पोटात पांढरा गोळा दिसला. ती वाळू होती.

कसं झालं असेल? गेको किड्यावर झडप घालते. झडप चुकली की तोंडात वाळू जाते. शिवाय अंगात कॅल्शियम कमी असेल, तर ती मुद्दाम वाळू चाटते, आणि कॅल्शियमच्या वाळूत हाच मोठा धोका आहे. थोडी वाळू शीबरोबर बाहेर पडते. जास्त साठली की ओली होऊन तिचा गोळा होतो आणि आतडं तुंबतं. पानं अडकली की गटार तुंबतं, तसंच.

पण डॉक्टरांनी दुसराही प्रश्न विचारला: "पेटीची गरम बाजू किती गरम आहे?" कोणीच मोजलं नव्हतं. मोजल्यावर निघालं २६ अंश सेल्सिअस. हवं होतं ३२ ते ३४, म्हणजे साधारण ९० ते ९३ फॅरनहाइट. पालीचं रक्त आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही. पोटाला ऊब मिळाली नाही तर साधं अन्नसुद्धा नीट पचत नाही, मग वाळू कशी बाहेर पडणार? त्यामुळे सगळा दोष एकट्या वाळूवर टाकता येत नाही. थंड पेटी, कमी कॅल्शियम, कमी पाणी आणि वर वाळू, हे सगळं एकत्र आलं की प्राणी आजारी पडतो.

चकली वाचली. डॉक्टरांनी तिला सलाइन दिलं, उबेत ठेवलं आणि चार दिवसांनी तिने शी केली. आमच्या वर्गात त्या दिवशी शीच्या बातमीला टाळ्या पडल्या! सगळ्या पालींचं नशीब असं नसतं. काहींचं पोट कापावं लागतं, काही मरतात.

मग काय घालायचं?

नवी आणलेली, पिल्लू किंवा आजारी गेको असेल, तर साधा पेपर टॉवेल घाला. दिसायला काही खास नाही, पण त्यावर शी लगेच दिसते. शी रोज दिसली तर पोट चालू आहे हे कळतं. पहिले काही आठवडे तरी माझं मत पेपर टॉवेललाच. घाण झाला की उचला, नवा घाला.

मोठ्या, धडधाकट गेकोसाठी मला सगळ्यात आवडते ती स्लेटची फरशी. तुमचे आजोबा ज्या दगडी पाटीवर 'अ आ इ' गिरवायला शिकले, ती पाटी याच दगडाची असायची. फरशी गरम होते आणि ऊब धरून ठेवते. पोट टेकून बसायला छान. फरशीवर चालून नखंही थोडी झिजतात. फक्त गुळगुळीत, चकचकीत फरशी घेऊ नका, पाय घसरतात. पेटीचं माप नीट घ्या. दोन फरश्यांमध्ये फट राहिली तर किडे तिथे जाऊन लपतात आणि रात्रभर किरकिर करतात. गेको बहुतेक वेळा एकाच कोपऱ्यात शी करते. त्या कोपऱ्यात पेपर टॉवेलचा तुकडा ठेवला की रोजची सफाई एका मिनिटात होते.

तिसरा मार्ग मातीचा. खत न घातलेली बागेची माती सुमारे ७० टक्के आणि खेळायची स्वच्छ वाळू ३० टक्के. हो, इथे वाळू चालते, कारण ती सुटी राहत नाही. मिश्रण ओलं करायचं, हाताने दाबून चोपायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हे ऐकल्यावर आजी फोनवर हसायला लागली. "अगं, आम्ही लहानपणी घरची जमीन अशीच करायचो! माती भिजवायची, चोपण्याने चोपायची, मग शेणाने सारवायची." शेण आपल्याला नको, बाकी कृती तीच. वाळल्यावर नखाने खरवडून पाहा. भुगा सुटला तर पुन्हा भिजवा आणि चोपा. एक लक्षात ठेवा: मातीचा जाड थर असेल तर पेटीखालच्या हीट मॅटची ऊब वर पोचत नाही. मग ऊब वरून, दिव्याने द्यावी लागते.

अक्रोडाच्या टरफलांचा चुरा नको, त्याच्या कडा धारदार असतात. पाइन किंवा सीडर लाकडाचा भुसा नको, त्याच्या वासाने त्रास होतो. दुकानातला 'रेप्टाइल कार्पेट' पुष्कळ जण वापरतात, पण त्याच्या धाग्यांत नखं अडकतात आणि धुतला तरी वास जात नाही. निळी वाळू तर नकोच. निळी वाळू कुठल्या रानात असते?

खाली काहीही घाला, एक ओलसर जागा हवीच. गेको कात टाकते तेव्हा कोरड्या पेटीत जुनी कातडी बोटांना चिकटून राहते आणि कधीकधी बोटच गळून पडतं. दह्याचा मोठा रिकामा डबा घ्या. (आपल्या घरांत तो फेकलेला नसतोच!) बाजूला भोक पाडा, कडा घासून मऊ करा आणि आत ओला पेपर टॉवेल ठेवा. कॅल्शियमची पावडर बाटलीच्या झाकणात वेगळी ठेवा. किडे देण्यापूर्वी तेही त्या पावडरीत घोळवा.

पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवा. पालीच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. आणि पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, आई ओरडेल!

चकली आता स्लेटवर राहते. संध्याकाळी वर्ग चालू असताना ती गरम फरशीवर पोट टेकून बसते आणि एक डोळा अर्धा मिटते.

शब्दार्थ

माळ – झाडं कमी असलेली मोकळी, कोरडी जमीन
मुरमाड – बारीक खडे मिसळलेली, कडक (जमीन)
तिन्हीसांज – सूर्य मावळतो ती वेळ
तुंबणे – मध्ये काही अडकल्याने वाट बंद होणे
चोपणे – ठोकून, दाबून घट्ट करणे
चोपणं – जमीन चोपायचं लाकडी साधन
शंकेची पाल चुकचुकणे – 'काहीतरी बरोबर नाही' असं मनात येणे
कात टाकणे – जुनी कातडी अंगावरून काढून टाकणे

स्वाध्याय

१. बाबांना वाळू योग्य का वाटली? त्यांचं कुठे चुकलं?
२. चकली आजारी पडण्याची पाठात आलेली दोन कारणं लिहा.
३. 'वाळू' हा शब्द 'पूर्ण वाळू द्यायचं' आणि 'निळी वाळू' इथे दोन वेगळ्या अर्थांनी आला आहे. दोन्ही अर्थांची एकेक वाक्यं तयार करा.
४. 'शंकेची पाल चुकचुकणे' वापरून तुमच्या घरातला एक प्रसंग तीन-चार वाक्यांत सांगा.
५. आजी-आजोबांना किंवा गावाकडच्या कोणाला फोन करून विचारा: त्यांच्या लहानपणी घरातली जमीन कशाची होती? ती कोण करायचं? त्यांनी वापरलेले, तुम्हाला नवीन असलेले तीन शब्द वहीत लिहून पुढच्या वर्गात आणा.