आपत्तीनंतरच्या उपदेशाविषयी



भूकंप, महापूर किंवा दुष्काळ यांनंतर मंडळीतला माणूस पाळकाला जो प्रश्न विचारतो, त्याच्या अभ्यासाला ईश्वरविज्ञानात ‘ईश्वरन्यायमीमांसा’ म्हणतात. देव सर्वसमर्थ आहे आणि भलाही आहे, तर निष्पापांचा घात करणारी आपत्ती त्याच्या जगात का घडावी, याचा बुद्धीला पटेल असा उलगडा करणे हे या मीमांसेचे काम होय. ती शिकवताना अनिष्टाचे दोन भाग पाडतात: माणसाच्या इच्छेतून उपजते ते नैतिक अनिष्ट आणि कोणाच्याही इच्छेवाचून कोसळते ते नैसर्गिक अनिष्ट. परीक्षेपुरता हा भेद सोयीचा आहे.

युरोपात या मीमांसेची कसोटी पोर्तुगालच्या लिस्बन शहरात लागली. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भाविकांनी भरलेली असताना धरणी हादरली; छते उपासकांवर कोसळली, मेणबत्त्या आणि चुली कलंडून लागलेली आग कित्येक दिवस शमली नाही आणि जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावलेल्यांना समुद्राच्या लाटांनी गाठले. हे जग शक्य असलेल्या सर्व जगांत उत्तम आहे, असे लायब्निट्झ या जर्मन तत्त्वज्ञाने 1710 मध्ये प्रतिपादिले होते. फ्रेंच लेखक व्हॉल्तेरने लिस्बनवर दीर्घ कविता लिहून या आशावादावर कोरडे ओढले. त्याला 1756 मध्ये पत्र लिहून रूसो या विचारवंताने निराळाच मुद्दा काढला, तो असा की सहा-सात मजली घरांची दाटी काही निसर्गाने केली नव्हती. हा मुद्दा मराठी वाचकाला किल्लारीच्या भूकंपावरून चटकन पटावा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली, आणि त्यांतल्या पुष्कळांचा बळी नुसत्या हादऱ्याने घेतला नसता. नैसर्गिक आणि नैतिक यांमधली रेघ येथे पुसट होते. घर कसे बांधले, कोणाला कसे बांधणे परवडले, हे प्रश्न देवाला विचारण्याआधी माणसांना विचारावे लागतात.

पण लिस्बनच्या कथेतला पाळकासाठी सर्वांत बोधप्रद भाग तत्त्वज्ञांचा नाही. गाब्रिएल मालाग्रिदा या वृद्ध येशूसंघीय धर्मगुरूने 1756 मध्ये एक पुस्तिका काढून भूकंपाचे खरे कारण लिस्बनकरांची पापे हेच आहे, नैसर्गिक कारणे सांगणारे लोकांची दिशाभूल करतात, असे ठासून सांगितले. प्रधान कार्व्हाल्यु, म्हणजे पुढचा मार्क्विस पोंबाल, याला शहर पुन्हा उभारायचे होते. त्याने मालाग्रिदाला शहराबाहेर घालवले आणि पुढे 1761 मध्ये, अन्य आरोपांवरून, इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या निवाड्याने त्या म्हाताऱ्याला ठार करण्यात आले. हा अंत अमानुष होता, यात शंका नाही. तथापि म्हणून त्याचे प्रतिपादन खरे ठरत नाही. (आपत्तीला पापाची शिक्षा म्हणण्याचा मोह केवळ ख्रिस्ती नव्हे: 1934 चा बिहारचा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे गांधीजी म्हणाले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांना जाहीर हरकत घ्यावी लागली.)

मालाग्रिदाची चूक शास्त्राच्या अज्ञानाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती पवित्र शास्त्राच्याच विरुद्ध जाते. ईयोबाची दहा मुले ज्या घरात जेवत होती, ते रानातून सुटलेल्या वादळाने पाडले. सांत्वनाला आलेले तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, आणि त्यांच्या हातून घडलेली चांगली गोष्ट एवढीच. तोंड उघडल्यावर बिल्ददाने पुत्रशोकात बुडालेल्या बापाला सुचवले की मुलांनी पाप केले असेल, म्हणून ती गेली. ईयोबाच्या ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर, आणि देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरते. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातला बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयी प्रभू येशू हाच हिशेब नाकारतो: ते इतरांहून अधिक पापी नव्हते. पश्चात्तापाची हाक तो देतो खरी, परंतु ती जिवंत श्रोत्यांना; मेलेल्यांवर ठपका ठेवायला ती वापरता येत नाही.

मग ख्रिस्ती श्रद्धेजवळ उरते काय? क्रुसावरचा प्रभू देवाने आपल्याला का सोडले असे विचारतो, आणि शुभवर्तमानात त्या प्रश्नाला त्या घटकेला उत्तर मिळत नाही. पुनरुत्थान हे ‘का’ या प्रश्नाचे उत्तर नव्हे; दुःखाचा शब्द शेवटचा नाही, एवढीच ग्वाही त्यात आहे, आणि ती सुद्धा प्रेताजवळ बसलेल्या आईपुढे घाईने ठेवण्याची वस्तू नव्हे.

अशा वेळी श्रद्धेने काय करावे, ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. त्यांचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेली. त्या दुष्काळाचे कारण शोधत बसण्यापेक्षा, 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही केडगावच्या मुक्ती सदनात आल्या. ईश्वरन्यायमीमांसेच्या पुस्तकांत रमाबाईंचे नाव क्वचितच असते, हा त्या पुस्तकांचा दोष आहे.

तेव्हा आपत्तीनंतरच्या रविवारी पाळकाने कारणमीमांसेचा उपदेश करू नये. अंधारातच संपणारे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे, मृतांची नावे घ्यावीत आणि त्या दिवसाचे सारे अर्पण आपद्ग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी, त्यांत ख्रिस्ती किती हे न विचारता, पाठवून द्यावे.