येशू ख्रिस्ताचा विवाह झाला होता काय?

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजूने भोरास शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याने वर्गात उभे राहून आम्हास विचारले, "गुरुजी, येशू ख्रिस्ताचे लग्न झाले होते, हे खरे का?" वर्गात खसखस पिकली. "असले प्रश्न येथे विचारू नयेत," असे सांगून आम्ही त्यास खाली बसविले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील भातलावणीचे काम टाकून शाळेत आले आणि हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पोरगं चुकलं. तुमच्या देवाला वावगं बोललं. पदरात घ्या."

चूक मुलाची नव्हती, आमची होती. त्याने जे कानी आले ते शिक्षकास विचारले. विद्यार्थ्याने याहून वेगळे काय करावे? आम्ही मात्र उत्तर देण्याचे सोडून प्रश्नच दडपला. पुढे त्याच वर्गात आम्ही त्याचे उत्तर दिले. तेच येथे सर्व विद्यार्थ्यांकरिता व त्यांच्या पालकांकरिता लिहीत आहो.

हा वाद आजचा नव्हे. १९७० साली विल्यम फिप्स या अमेरिकन पंडिताने या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढे २००३ साली डॅन ब्राऊन यांची 'द दा विंची कोड' ही कादंबरी निघाली आणि ग्रंथालयातला वाद बाजारात आला. येशूने मग्दालिया मरीयेशी विवाह केला व त्यांचा वंश चालला, अशी कल्पना तीत रंगविली आहे. २००६ साली तिजवरून चित्रपट झाला, तेव्हा मुंबईत काही कॅथलिक मंडळींनी उपोषण केले व गोव्यात सरकारने चित्रपटास बंदी घातली. परिनिरीक्षण मंडळाने तो केवळ प्रौढांकरिता, आणि कथा काल्पनिक असल्याची सूचना जोडून, संमत केला होता. भाविकांस दुःख झाले हे आम्ही समजू शकतो. परंतु चित्रपट थांबविता येतो, प्रश्न थांबविता येत नाही. तो वीस वर्षांनी वेल्ह्याच्या डोंगरातून उतरून आमच्या वर्गात आला, हाच त्याचा पुरावा होय.

तर आता पुरावा पाहू. मत्तय, मार्क, लूक व योहान या चार शुभवर्तमानांत येशूचा विवाह झाला असे कोठे लिहिलेले नाही आणि झाला नाही असेही कोठे लिहिलेले नाही. यावर कोणी म्हणेल, मग दोन्ही पक्ष सारखेच. तसे नाही. मौनासही वजन असते. मात्र मौन कोणाचे आणि कोणत्या प्रसंगीचे, हे पाहिले पाहिजे. आपला हा मावळ मुलूख वतनाच्या तंट्यांनी गाजलेला आहे. ज्याच्या पेटीत सनद असते तो ती सभेपुढे ठेवल्यावाचून राहत नाही. ऐन निवाड्याच्या वेळी त्याने ती काढली नाही, तर पंच काय समजतात? सनद त्याजपाशी नाही, असेच समजतात.

या दृष्टीने दोन साक्षी पाहा. पहिली साक्ष प्रेषित पौल याची. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो आपल्या हक्कांविषयी बोलत आहे. प्रवासात पत्नीस बरोबर नेण्याचा आपणासही अधिकार आहे, असे म्हणून तो इतर प्रेषितांचा, प्रभूच्या भावांचा व केफा म्हणजे पेत्र याचा दाखला देतो. खुद्द प्रभूचा दाखला देता आला असता, तर त्याहून मोठा दाखला कोणता? तो पौलाने दिला नाही. दुसरी साक्ष अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटची. इसवी सन २०० च्या सुमाराचा हा ख्रिस्ती विद्वान. त्या काळी काही लोक विवाह हेच पाप मानीत आणि येशू अविवाहित होता, याचा आधार घेत. क्लेमेंट विवाहाचा कैवारी. "अहो, प्रभूचाही विवाह झाला होता," असे एक वाक्य म्हणता आले असते, तर त्याचा वाद तेथेच जिंकला जाता. त्याने तसे म्हटले नाही. येशू अविवाहित होता हे मान्य करून, विवाह तरीही पवित्र आहे, असे त्याने प्रतिपादिले. ज्या दोघांस सनद हवी होती, त्या दोघांनीही ती पुढे केलेली नाही.

शुभवर्तमानांतील बारीकसारीक गोष्टीही याच बाजूस झुकतात. नासरेथचे लोक येशूचे घराणे मोजतात तेव्हा आई, भाऊ व बहिणी यांची नावे निघतात. पत्नीचे नाव निघत नाही. वधस्तंभावरून तो आपली आई एका शिष्याच्या स्वाधीन करतो. तेथेच मग्दालिया मरीया उभी आहे. परंतु तिची सोय लावल्याचे कोठे लिहिलेले नाही.

यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. यहूदी समाजात विवाह हे कर्तव्य मानीत, तेव्हा तीस वर्षांचा गुरू अविवाहित राहिला हे संभवत नाही, असे ते म्हणतात. सामान्य रीत अशी होती, हे खरे. परंतु रीतीस अपवादही होते. यिर्मया संदेष्ट्यास विवाह करू नये अशी आज्ञा झाल्याचे त्याच्याच ग्रंथात आहे. एसीन पंथातील पुष्कळ लोक ब्रह्मचर्य पाळीत, असे त्या काळचा यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो. स्वतः पौलही एकटाच राहत होता. आपल्याकडेही रीत विवाहाचीच आहे. म्हणून रामदास बोहल्यावरून निघून गेले ही गोष्ट कोणी खोटी म्हणतो काय?

आता मग्दालिया मरीयेविषयी. लूकच्या आठव्या अध्यायात येशूबरोबर फिरणाऱ्या व आपल्या द्रव्याने मंडळीचा खर्च चालविणाऱ्या स्त्रियांची नावे आहेत. त्यांतील योहान्ना ही खुजाची बायको म्हणून सांगितली आहे. मरीयेची ओळख मात्र मग्दाला या तिच्या गावावरून आहे, कोणा पतीवरून नाही. या बाईवर इतिहासाने दोनदा अन्याय केला. इसवी सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूकमधील एका निनावी पापी स्त्रीशी एक करून टाकले आणि पुढे शेकडो वर्षे पश्चिमेकडील चित्रकारांनी ती पतिता म्हणून रंगविली. रोमच्या मंडळीने १९६९ साली आपल्या दिनदर्शिकेत ही गल्लत दूर केली. तोच कादंबरीकारांनी तिला पत्नी करून टाकले. योहानाच्या शुभवर्तमानात तर ती पुनरुत्थित ख्रिस्तास प्रथम पाहणारी व ती वार्ता शिष्यांस सांगणारी आहे. स्त्रीचे महत्त्व कोणाची तरी पत्नी झाल्यावाचून सिद्ध होत नाही काय? आमच्या विद्यार्थिनींनी या प्रश्नाचा अवश्य विचार करावा.

मरीया पत्नी होती असे म्हणणारे मुख्य आधार घेतात तो फिलिप्पाच्या नावावर असलेल्या एका ग्रंथाचा. १९४५ साली मिसर देशात नाग हम्मादीजवळ जुन्या पोथ्या सापडल्या, त्यांत हा होता. येशूच्या काळानंतर निदान शंभर वर्षांनी तो रचिला गेला असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. त्यात मरीयेस 'कोइनोनोस' म्हटले आहे. हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ सोबती, वाटेकरी. लूकने हाच शब्द पेत्राबरोबर मासे धरणाऱ्या याकोब व योहान यांस लाविला आहे! याच ग्रंथात येशू मरीयेचे चुंबन घेत असे, असेही एक वाक्य आहे; परंतु ऐन मोक्याचा शब्द जेथे हवा तेथे पोथीस भोक पडले आहे. त्या भोकात कादंबरीकाराने आपल्या मनचा शब्द भरला.

सर्वांत बोधप्रद प्रकरण २०१२ सालचे आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका कॅरेन किंग यांनी रोम येथील विद्वत्परिषदेत पपायरसचा एक लहानसा तुकडा पुढे मांडला. त्यावर कॉप्टिक भाषेत, येशू 'माझी बायको' असे म्हणत असल्याचे शब्द होते. एवढ्याने विवाह सिद्ध होत नाही, असे त्यांनीच आरंभी सांगितले होते. तरी जगभर गवगवा झाला. पपायरस तपासला, तो हजार वर्षांहून जुना निघाला. मग लेखही जुनाच ना? नव्हे! त्याच संग्रहातील दुसऱ्या एका तुकड्यावर योहानाचा मजकूर होता. तो १९२४ साली छापलेल्या एका पुस्तकातून एक ओळ सोडून एक ओळ असा उतरविलेला आढळला. कोरा जुना पपायरस मिळवून त्यावर कोणी नवी शाई चालविली होती. २०१६ साली किंगबाईंनीही, तो तुकडा बहुधा बनावट असावा, हे मान्य केले. आपली चूक जगापुढे कबूल करणे हेही विद्वत्तेचेच अंग होय.

अशी परीक्षा परक्यांच्याच कागदांची करावी असे नाही. आपल्या रोहिडखोऱ्यातील दादाजी नरसप्रभू देशपांडे यांस शिवाजी महाराजांनी १६४५ साली लिहिले म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. रायरेश्वराचा उल्लेख असलेले ते पत्र आपणा सर्वांस प्रिय आहे. तथापि त्याच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. म्हणून महाराजांचे कार्य तिळभर उणे होते काय? मुळीच नाही. जे प्रिय आहे त्याचा पुरावा अधिक कसोशीने पाहावा, इतकेच.

तेव्हा आमचे उत्तर असे : येशूचा विवाह झाल्याचा विश्वसनीय पुरावा नाही; तो अविवाहित होता असे मानण्यास सबळ कारणे आहेत; आणि तो विवाहित असता तरी त्यात लज्जास्पद असे काहीच नव्हते. रामदास अविवाहित होते. भोराहून वरंध घाट उतरले की ज्या शिवथरच्या घळीत त्यांनी दासबोध रचिला असे मानतात, ती जवळच आहे. तुकोबा व एकनाथ संसारी होते. कोणाच्या संतपणास कोणते न्यून आले? ख्रिस्ती लोकांतही कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मचर्य पाळतात, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा संसार तर लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचला आहे.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलाने शाळेत अवघड प्रश्न विचारला म्हणून त्यास घरी रागावू नये आणि शिक्षकाची क्षमा मागण्यास येऊ नये. त्या दिवशी क्षमा आम्ही मागावयास हवी होती. ती आम्ही पुढे त्या विद्यार्थ्याची भर वर्गात मागितली. हल्ली तो पहिल्या बाकावर बसतो व पूर्वीपेक्षा अधिक प्रश्न विचारतो.