फुल्ल म्हटलं की

लेका, आता घर आणि शेत तूच बघणार, तर एवढं ध्यानात ठेव. 'फुल्ल' हा शब्द आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडात आहे. कुणी म्हणाला की आधी विचारायचं, कशाच्या हिशोबानं?

साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टर 'गाडी फुल्ल' म्हणतो, ते बाकड्यांपुरतं. उभं राहायची तयारी असेल तर चढ, कराडला बरीच माणसं उतरतात. गॅसची भरलेली टाकी आली की सील बघून गप बसू नको. टाकीवर रिकामीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळव आणि काट्यावर लाव. टाकी आणणारा पोरगा तोंड वाकडं करील, करू दे.

खरी गोम कोयनेची. पेपरात 'कोयना फुल्ल' आलं की गाव घाबरतं. धरण 105.25 टीएमसीचं. पाऊस सरताना भरलं तर ते हवंच, टेंभू-ताकारी उपसा योजनांचं पाणी उन्हाळ्यात येणार कुठनं? भ्यायचं ते ऐन पावसात भरत आलं तर. मग वरनं येणारं धरायला जागा उरत नाही, आलं तेवढं सोडावं लागतं. म्हणून तर दरवाजे धरण भरायच्या आधीच उचलतात. उगाच कुणाला शिव्या घालू नको. पायथ्याच्या वीजगृहातनं 2100 क्युसेक सुटलं तर खुशाल झोप. दरवाज्यातनं किती सुटतंय ते विचार. वारणेलाही विसरू नको. हरिपुरात ती कृष्णेला मिळते, तिला पूर असला की सांगलीचं पाणी तुंबतं.

धरण किती टक्के भरलं यापेक्षा सांगलीच्या आयर्विन पुलाकडं बघ. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं होतं. आपली गुरं 40 च्या आतच हलवायची, शेजारी हसले तरी.

राहिलं उसाचं. 'फुल्ल पेमेंट मिळालं' असल्या कागदावर पैसे खात्यात पडल्याबिगर सही करायची नाही. 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे: ऊस कारखान्याला गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर सालाला 15 टक्के व्याज. तोडणी-वाहतूक किती कापली तेही विचार. वजनाच्या पावत्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, किल्ली आजीकडं.